मामीनं वाचलेलं पुस्तक

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार माझ्या मामीचे आहेत. आईवडिलांचे असतातच, पण ते त्यांचं कर्तव्य होतं असं म्हणून आपण मोकळे होतो. मामी माझं काहीच देणं लागत नव्हती. तालुक्याच्या गावी बारावी झाल्यावर मला कोपरखैरण्याला आणलं ते मामानं. मामा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होता, पाठीवर पोती वाहायचा. भाच्याला शिकवतो असं त्यानं माझ्या आईला नात्यातल्या एका लग्नात भर मांडवात सांगून टाकलं आणि घेऊन आला. पण आणायला एक दिवस पुरतो. ठेवायला वर्षं लागतात आणि ती मामीनं काढली. माथाडींच्या वसाहतीतली एक खोली, तिची स्वतःची दोन मुलं, त्यात मी. भिंतीतल्या कपाटासमोरची जागा तिनं मला अभ्यासाला दिली आणि स्वतःचं अंथरूण मोरीजवळ नेलं. मुलांनी दंगा केला की ती त्यांनाच बाहेर पिटाळायची. मी पदवीधर झालो तेव्हा आमच्या भावकीत पहिला होतो. पेढे मामीनं वाटले.

पुढे मला बेलापूरला सरकारी कार्यालयात नोकरी लागली. जुईनगरला घर झालं. मामा निवृत्त झाला, गावी गेला आणि तिथेच वारला. मामी आता गावीच असते, सातारा जिल्ह्यात. त्या खोलीतल्या वर्षांवर एक पुस्तक लिहावं असं माझ्या मनात फार दिवस होतं. कार्यालयातून आल्यावर थोडं थोडं लिहीत ते पुरं केलं. प्रकाशकांकडे पाठवलं. एकानं वर्षभर ठेवून घेतलं आणि विषय चांगला आहे पण सध्या हात भरलेले आहेत असं कळवलं. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तेव्हा मी ते स्वतःच छापायचं ठरवलं. अर्पणपत्रिका मामीला. आणि पुस्तकाचं प्रकाशन मामीच्याच हातून. बाकी काहीही होवो, एवढं व्हायलाच पाहिजे अशी माझी इच्छा होती.

मला कुठलीही गोष्ट नीट शिकून करायची सवय आहे. पुस्तकाचं प्रकाशन यशस्वी कसं करावं यावर मोबाइलवर व्हिडिओ असतात, ते मी ओळीनं पाहिले. एक तरुण हिंदी-इंग्रजीत सांगायचा की पुस्तक हा माल आहे आणि लाँच हे त्याचं लग्न. आधी काही महिने कव्हर लोकांच्या डोळ्यांसमोर फिरत राहिलं पाहिजे. मोठं नाव मंचावर पाहिजे. फोटो काढायला एक सजवलेला कोपरा पाहिजे. मी ते सगळं प्रामाणिकपणे केलं. कव्हर स्टेटसला टाकलं, कार्यालयातल्या लोकांनी लाइकचे अंगठे पाठवले. आता वाटतं, त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये पुस्तकाच्या आत काय असावं याबद्दल कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. तेव्हा मला ते खटकलं नाही.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. इथल्या साहित्य मंडळाचे ते कार्यवाह. मी पुस्तक काढतोय हे कळल्यावर ते स्वतः घरी आले. समारंभ मंडळातर्फे करू, तुम्ही फक्त खर्च बघा, बाकी टेन्शन घेऊ नका, असं म्हणाले. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी एक मोठे निवृत्त अधिकारी ठरवले. ते वर्तमानपत्रांत लिहितात, त्यांना सगळे साहेब म्हणतात. साहेबांना एकच रविवार मोकळा होता. त्या रविवारी सभागृह मिळालं, म्हणून तारीख पक्की झाली.

मग मामीचा विषय निघाला. कार्यवाह म्हणाले की मामींना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवू, मान राखला जाईल. मी म्हटलं, पुस्तक तिच्या हातून बाहेर यायचं आहे. ते हसले.

"अहो, पत्रिकेवर काय छापू? हस्ते कोण, तर मामी?"

मी म्हटलं, हो, मामी.

त्यांनी मला समजावून सांगितलं की साहेबांच्या नावावर लोक येणार, मामीच्या नावावर कोण येणार. शेवटी तडजोड झाली. पत्रिकेवर 'मान्यवरांच्या हस्ते' असं मोघम छापलं. खाली बारीक अक्षरात 'विशेष उपस्थिती : लेखकाच्या मामी.' मामीचं नाव काय, हे त्यांनी मला विचारलंही नाही. प्रूफ पाहताना माझ्या ते लक्षात आलं. मी ते घालायला सांगितलं तर म्हणाले, आता जागा नाही.

पुस्तक रबाळ्याला एका छापखान्यात टाकलं होतं. एमआयडीसीतला छापखाना, त्यामुळे त्यांचं मुख्य काम कारखान्यांचं. खोक्यांवरची लेबलं, पावत्या, सूचनांचे फलक. मी दर आठवड्याला फोन करायचो आणि दर आठवड्याला ते होतंय म्हणायचे. समारंभाच्या आधी शुक्रवारी मी रजा टाकून तिथे गेलो. यंत्रावर माझं पुस्तक नव्हतं. कुठल्याशा कारखान्यासाठी कामगारांच्या सुरक्षेची पुस्तिका छापली जात होती. मराठीत, जाडजूड, ठसठशीत टायपात. माझं फक्त कव्हर तयार होतं. ते मात्र सुंदर आलं होतं.

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं मला चहा दिला.

"कंपनीचं काम अर्जंट आलं ना," तो म्हणाला. "तुमची पुस्तकं कुटं पळून चाललीत? आठ दिवसांत देतो."

रविवारी प्रकाशन आहे म्हटल्यावर त्यालाही वाईट वाटलं. मी तिथूनच कार्यवाहांना फोन लावला आणि समारंभ पुढे ढकलू या म्हटलं. ते अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी फोन मालकाला द्यायला सांगितला. दोघं जरा वेळ बोलले. मग मालकानं गठ्ठ्यातून सुरक्षेच्या पाच पुस्तिका काढल्या, त्यांची वेष्टनं सोलली आणि त्यांवर माझं कव्हर चिकटवायला माणूस बसवला.

"साइज सेम हाय," तो मला धीर देत म्हणाला. "कुनाला कळनार पन नाय."

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मी चिडलो होतो. हे फसवणुकीचं काम आहे म्हटलं. कार्यवाहांचा आवाज शांत होता. साहेबांची तारीख पुन्हा मिळणार नाही, गावाकडची माणसं निघायच्या तयारीत आहेत, बॅनर लागलाय. आणि मग ते जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"प्रकाशनात पुस्तक कोण उघडतं हो? कव्हर दिसलं की झालं. आम्ही इतकी प्रकाशनं केली, निम्म्यांना असंच केलंय."

मामी लेकाकडून जीप ठरवून निघणार होती, बरोबर गावातल्या चार बायका. त्यांना आता नका येऊ म्हणायचं माझ्या जिवावर आलं. मी ते पाच खोटे नग पिशवीत घालून घेऊन आलो. मनाशी ठरवलं की कार्यक्रम झाला की पाचही परत घ्यायचे आणि खरी प्रत आली की स्वतः गावी जाऊन मामीच्या हातात द्यायची.

प्रकाशनात पुस्तकं रंगीत कागदात बांधून, रिबीन लावून, तबकात ठेवतात. पाहुण्यांनी एकेक उचलायचं, कागद फाडायचा, कव्हर छातीशी धरायचं आणि फोटो. कार्यवाहांच्या मिसेसनी ती पाच पुडकी हौसेनं बांधली होती. मामी सभागृहात आली ती नवं काठाचं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन. तिच्या पिशवीत ग्रामदैवताच्या देवळातला नारळ होता.

"पुस्तकं कुटं ठिवल्यात?" तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. "नारळ ववाळाया सांगितलाय गुरवानं."

विक्रीचं टेबल रिकामं होतं, त्यावर नुसती चादर आणि माझा मोठा फोटो. मी काही बोलायच्या आत कार्यवाहांनी तिला तबक दाखवलं. मामीनं चप्पल काढली आणि त्या पाच पुडक्यांवरून नारळ ओवाळला. ओठांत काहीतरी पुटपुटली. मी तिथे उभा होतो. पुस्तक कसं काढायचं हे शिकायला मी इतके व्हिडिओ पाहिले, पण अशा वेळी कुठे बघायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

समारंभ वेळेत सुरू झाला नाही, कारण साहेबांना उशीर झाला. मग सत्कार. साहेबांचा सत्कार, मंडळाच्या अध्यक्षांचा, सभागृह मिळवून देणाऱ्यांचा, बॅनर देणाऱ्यांचा, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. मामीला मंचावर टोकाची खुर्ची मिळाली होती. शाली संपल्या तेव्हा तिची पाळी आली, म्हणून तिला नुसतं गुलाबाचं फूल दिलं.

तबक फिरलं. साहेबांनी टरकन कागद फाडला. बाकीच्यांनीही फाडला आणि पुस्तकं छातीशी धरून सगळे फोटोग्राफरकडे बघू लागले. मामी मात्र कागद फाडत नव्हती. नखानं एकेक चिकटपट्टी सोडवत होती. फोटोग्राफर ओरडत होता, काकी, फाडा, फाडा. सभागृहात हशा पिकला. कार्यवाह माइकवरून म्हणाले, "मामींना कागद घरी न्यायचाय वाटतं." पुन्हा हशा. मामीही हसली, पण हात तिनं आपल्याच गतीनं चालू ठेवला. पुस्तक मोकळं झालं तेव्हा फोटो काढून झाले होते. तिनं कागदाची घडी केली, पुस्तक कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवलं. समारंभाचा जो फोटो सगळीकडे फिरला त्यात चार जण पुस्तक धरून हसतायत आणि कडेला एक बाई खाली मान घालून काहीतरी करतेय.

साहेबांना मी पुस्तकाची फाइल महिनाभर आधी पाठवली होती. ते उत्तम बोलले. स्वतःच्या बालपणाबद्दल, बदलत्या शहराबद्दल, वाचनसंस्कृतीबद्दल. मधेच त्यांनी हातातली प्रत उघडली, पानावर बोटं ठेवली आणि लोकांकडे बघत म्हणाले की या पुस्तकाचं पान न् पान मी वाचलंय, ही कष्टाच्या मातीतून आलेली भाषा आहे. मी बसलो होतो तिथून त्या पानावरचं चित्र दिसत होतं. काळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माझ्या मनोगताला वेळ उरला नव्हता. दोन मिनिटांत आटपा, अशी चिठ्ठी आली. मामीबद्दल जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं पहिलं वाक्य बोलून मी आभार मानले. मग कार्यवाहांनी जाहीर केलं की वाचकांच्या उदंड प्रतिसादामुळे आजच्या प्रती संपलेल्या आहेत, नोंदणी करावी. रिकाम्या टेबलाचा फोटो काढून तोही त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लोक वडे खाऊन गेले.

मला लोकांनी गराडा घातला होता, अभिनंदनाला. त्यातून सुटलो तेव्हा मामी निघून गेली होती. जीपवाल्याला घाट चढायची घाई होती, असं कुणीतरी सांगितलं. तबकात चार पुस्तकं परत आली. पाचवं मामीनं नेलं होतं.

त्याच क्षणी मी फोन करायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी केलाही, दुसऱ्या दिवशी. ती सुखरूप पोचली होती. बोलता बोलता मला वाटलं, कशाला सांगायचं? ती पुस्तक देव्हाऱ्याजवळ ठेवेल, त्याला हळदकुंकू लावेल. खरी प्रत आली की गुपचूप बदलून टाकू. मामी दुसरीपर्यंत शिकलेली. किराण्याच्या पुडीचा कागद अक्षर अक्षर जुळवून वाचायची, एवढं मला माहीत होतं. पण ती पुस्तक वाचेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्यावर लिहिलं, तिला अर्पण केलं, तिच्या हातून प्रकाशित करवलं, आणि ती वाचेल हे काही मला सुचलं नाही.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. छापखान्यात कधी कागद नव्हता, कधी बाइंडिंगवाला गावी गेला होता. नोंदणी केलेल्यांपैकी कुणी चौकशी केली नाही. कार्यवाहांना दुसरा लेखक मिळाला होता. अखेर पुस्तकं आली, पलंगाखाली गेली. आणि त्याच आठवड्यात मामीचा फोन आला. मागे बायकांचे आवाज होते.

"सारं वाचून झालं बग तुजं," ती म्हणाली. "रोज दुपारी भांडी आवरली की बसत हुते."

 कसं वाटलं, एवढंच मी विचारलं.

"आरं, मला समदं न्हाय उमगलं. तू लय शिकलास. तुजं लिवनं आमाला कुटनं कळंल? ती यंत्रांची नावं, ते पट्टं. दोनदा दोनदा वाचलं. म्हनलं, दोष माजा हाय, पोरानं चांगलंच लिवलं आसंल."

मी म्हटलं, मामी, ऐक, ते पुस्तक. पण ती थांबली नाही.

"पर ते भाजल्यावर काय करायचं त्ये लिवलंयस न्हवं? गार पानी वतत ऱ्हावं, फोड फोडू नये. त्ये वाचलं आन् म्या म्हनलं, हे माजं हाय. माजं नाव न्हाय घातलं, पर पोरानं ध्यानात ठिवलं."

मग तिनं सांगितलं की येत्या गुरुवारी बचत गटाच्या बैठकीत शाळेच्या बाई ते पान सगळ्यांना वाचून दाखवणार आहेत. फोन स्पीकरवर होता. एक बाई म्हणाली, मामीचं नशीब. मला त्या सगळ्यांसमोर तोंड उघडता आलं नाही. बरं मामी, म्हणून फोन ठेवला.

भाजल्याची गोष्ट मी साफ विसरलो होतो. तिनं आठवण करून दिल्यावर सगळं समोर आलं. पलंगाखालून मी माझं पुस्तक काढलं आणि मामीवरचं प्रकरण वाचलं. फार सुरेख होतं. त्यात त्याग होता, वात्सल्य होतं, मातृत्वाची सावली होती. शाळेत निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळावेत असं. मामी मात्र त्यात नव्हती. कारखान्यातल्या कामगारांसाठी कुणा अनोळखी माणसानं लिहिलेल्या ओळीत ती स्वतःला सापडली आणि इतकी पानं लिहूनही मला ती सापडली नाही.

साहेबांनी जे धरलं, मंडळानं जे मिरवलं, ते त्यांच्यापुरतं कव्हरच होतं. त्यांचं काही बिघडलं नाही. खोटं पुस्तक खरं मानून वाचणारं माणूस एकच होतं. शाळेच्या बाईंनी ते उघडलं की बैठकीत हसू होणार होतं, आणि ते माझं नाही, मामीचं होणार होतं. टपालावर माझा भरवसा नव्हता. गावचा एकजण आठवड्याला तुर्भ्याच्या बाजारात भाजी घेऊन येतो. बुधवारी पहाटे बाजारात जाऊन मी त्याच्या हातात पुस्तक आणि पत्र दिलं आणि मामीलाच द्यायला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. मोठ्या अक्षरांत, ओळी सुट्या सोडून लिहिलेलं ते पत्र असं.

मामी, पाया पडतो.

हे पत्र एकटी असताना वाच. मग बैठकीला जा.

तू वाचलंस ते पुस्तक माझं नाही. वरचं कव्हर तेवढं माझं. माझं पुस्तक वेळेत छापून झालं नव्हतं. लोकांना दाखवायला कारखान्याच्या पुस्तकावर माझं कव्हर चिकटवलं. ते मला माहीत होतं. तू नारळ ओवाळलास तेव्हाही माहीत होतं.

तुला ते समजलं नाही यात तुझा दोष नाही. ते यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी आहे. मलाही त्यातलं निम्मं समजत नाही. तू ते सगळं वाचलंस. मंचावर बसलेल्या कुणी एक पान वाचलं नाही.

भाजल्याचं पान मी लिहिलेलं नाही. मी विसरलो होतो. माझ्या खऱ्या पुस्तकातही ते नाही. म्हणून इथे लिहितो. माझ्या पायावर पेजेचं पातेलं पडलं. शेजारच्या काकू पेस्ट लावा म्हणाल्या, कुणी शाई लावा म्हणालं. तू कुणाचं ऐकलं नाहीस. मला मोरीत बसवलंस आणि पिंपातलं पाणी ओतत राहिलीस. पाणी सकाळीच येऊन गेलं होतं. पिंप रिकामं झालं तेव्हा थांबलीस. त्या दिवशी घरात भात शिजला नाही. मामानं विचारलं तर पाणी सांडलं म्हणालीस. माझ्या पायावर डाग राहिला नाही, म्हणून मला आठवण राहिली नाही.

सोबत माझं पुस्तक पाठवतो. त्यात तुझ्यावर लिहिलंय, पण ते चांगलं नाही. अवघड शब्द फार आहेत. नाही वाचलंस तरी चालेल. पहिल्या पानावर तुझं नाव आहे, पूर्ण नाव, ते बघ.

बैठकीत काय वाचायचं ते तू ठरव. हे पत्र वाचलं तरी माझी हरकत नाही. लोक मला हसले तर हसू दे.

तुझा भाचा